घट बसायच्या आधी माळा रिकामा करतोय, पण बाबांच्या उधारीच्या वहीचं काय करू?

शुक्रवारपेठकर
नमस्कार मंडळी, लांबड लागणाराय, चहा घेऊन बसा.

सोमवारपासनं माळा उपसायला काढलाय. कोल्हापुरात घट बसायच्या आधी घर धुऊन निघतं हे काय सांगायला नको, वाकळा, चादरी, पडदे, पोरांची दप्तरंसुद्धा. आई आणि शेजारच्या बायका डोक्यावर बोचकी घेऊन पंचगंगेच्या घाटावर जायच्या, आता घरात मशीन आहे आणि मशीनमध्ये वाकळ जात नाही, तो वेगळा विषय. तर यंदा म्हटलं माळाच घेऊ. २०१९ ला आमच्यात खाली कंबरेएवढं पाणी आलं, २०२१ ला त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त, तेव्हापासनं घराला खोडच लागली, दिसेल ते वर टाकायचं. पुराला भिऊन वर गेलेलं परत खाली काय आलं नाही.

काय काय निघालं म्हणून सांगू. तीन पितळी घागरी त्यातली एक चेपलेली, मिक्सरच्या दोन मेलेल्या मोटारी, पाळणा, टू-इन-वन, लग्नात आलेले लेमन सेट अकरा (अकरा! खोकी पण फोडलेली नाहीत), मुलीच्या दहावीच्या झेरॉक्स, तिची स्वतःची मुलगी आता पहिलीत आहे. आईच्या ट्रंकेत वाकळेच्या घडीत पाचशेच्या चार जुन्या नोटा. आणि सगळ्यात खाली बाबांची उधारीची वही.

बाबांचं पेठेतच किराणा दुकान होतं. वही लाल कापडाची, लांबट, दोऱ्यानं शिवलेली, पानाला रेघा नाहीत, घड्या घालून रकाने पाडलेत आणि त्या घड्या अजून तशाच कडक आहेत. पहिल्या पानावर श्री, त्याच्याखाली हळदीकुंकवाचा डाग जो आता तपकिरी झालाय. वास पण तोच, मिरचीपूड आणि रॉकेल. मी माळ्यावरच मांडी घालून बसलो आणि तासभर उठलोच नाही.

घोडं तिथंच पेंड खातंय. त्यात चुलत्यांचं खातं आहे, १९८८ पासनं १९९६ पर्यंत, साखर, चहा पावडर, गोडेतेल, साबण, आणि खाली बाकी ११,४०० येणे. त्या काळातले ११,४००. २००३ ला आईचं ऑपरेशन होतं, पैशाची ओढाताण होती, बाबा गावाकडं चुलत्यांकडं गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं रिकाम्या हातानं परत आले. कुणाला काही बोलले नाहीत. आम्हीच समजून घेतलं. तिथनं पुढं येणंजाणं बंद. बाबा २००८ ला गेले, चुलते २०१५ ला, त्यांच्या दिवसाला पण मी गेलो नाही, भाऊ एकटा जाऊन आला.

बाकी सगळं टाकायची तयारी आहे. ही वही हातातनं सुटत नाही. ठेवली तर दरवर्षी माळा काढताना तेच आठवणार, टाकली तर बाबांचं अक्षर जाणार. तुम्ही असल्या गोष्टींचं काय करता?

अबोली_पुणे
करतोय, बसलो, उठलो नाही... आयडीवरून वाटलं ताई आहात, दादा आहात का? राग मानू नका, धागा छान.

शुक्रवारपेठकर
ताईच. आमच्यात पोरीबी येतो जातो करतो म्हणतात. सासर पुण्यात असतं तर सुधारलो असतो.

काटाकिर्र
ताई लेमन सेट टाकू नका, मला द्या, माझं लग्न ठरतंय, परत प्रेझेंट द्यायला कामाला येतील 😂 ते अकरा सेट कोल्हापुरात तीस वर्षं नुसते फिरायलेत, आजपर्यंत त्यात सरबत कुणी प्यालेलं नाही.

वाकळवाली
माळ्याचं सांगतो, वहीचं मला कळत नाही. सासूबाई गेल्यावर त्यांची ४२ लुगडी निघाली, नणंदा म्हणाल्या बोहारणीला दे आणि स्टीलचं पातेलं घे, माझा हात धजला नाही. सुती तेवढी बाजूला काढली, फाटकी जुनेरं आतल्या थराला आणि बरी वरनं घातली, गल्लीतल्या दोन बायका घेऊन चार वाकळा शिवल्या, एकेक वाकळ एकेका नणंदेला. ४२ चं ४ झालं आणि कुणी रडत नाही, उलट थंडीत फोन येतो वहिनी लई ऊब आहे म्हणून. नायलॉनच्या साड्यांची वाकळ करू नका, घसरते आणि घाम येतो, त्या बोहारणीलाच द्या. तुमच्या घागरी पण मोडीत घाला, तांबं पितळ वजनावर जातं, पण घालायच्या आधी दोन दुकानी भाव विचारा आणि वजन डोळ्यादेखत करा. चेपलेली असली म्हणून मोडीचा भाव कमी होत नाही, तसं सांगतात, ऐकू नका.

कोर्टाची_पायरी
दोन गोष्टी. पाचशेच्या चार नोटांना घाबरू नका. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर त्या चलनातून गेल्या आणि २०१७ च्या कायद्यानं जुन्या नोटा बाळगायला बंदी आहे, पण दहापर्यंत ठेवल्या तर गुन्हा नाही. आईची आठवण म्हणून खुशाल ठेवा.

दुसरं वहीचं. मुदतीच्या कायद्याप्रमाणे (१९६३ चा) असल्या उधारीच्या वसुलीला तीन वर्षं मिळतात. तुमचे ११,४०० कायद्यानं कधीच बुडाले. तेव्हा ती वही म्हणजे पुरावा वगैरे काही नाही, निव्वळ कागद आहे. टाका.

शुक्रवारपेठकर
वकीलसाहेब धन्यवाद, पण मला कुठं दावा लावायचाय. पैसे आज कुणी आणून दिले तरी मी घेणार नाही. बाबा हात हलवत परत आले ते बुडत नाही ना तीन वर्षांत.

पूरग्रस्त_शाहूपुरी
मी थोडं वेगळं बोलतो. आमचं घर कुंभार गल्लीच्या अंगाला. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ, तरी म्हटलं आपल्यात २००५ ला जिथं आलतं तिथंच थांबंल. पाणी पंचावन्न फुटाच्या वर गेलं. पाच दिवसांनी दार उघडलं तर उघडेना, गादी फुगून दारामागं बसलेली. तीन ट्रॅक्टर ट्रॉल्या सामान रस्त्यावर टाकलं. लग्नाचा अल्बम धरला तर फोटोतले चेहरे अंगठ्याला लागून आले, बायकोनं तो तसाच ठेवला आणि परत दारात गेली आणि चुना टाकायला लागली. आमच्यात कुणी आवरलंबिवरलं नाही, नदीनं आवरलं.

त्यानंतर एकच केलं. एक निळी बॅग, तिला घरात पुराची बॅग म्हणतात. सातबारा, खरेदीखत, वारसा नोंदीचा फेरफार, आधार, पासबुकं, पोरांचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात. २०२१ ला पाणी छप्पन्नच्या वर गेलं तेव्हा मी बॅग आणि आईला घेऊन निघालो, दहा मिनिटात. ताई, वही ठेवायची का टाकायची हे असं ठरवा, उद्या पाणी आलं तर ती बॅगेत जाईल का. जाणार नसेल तर रद्दी.

रंकाळा_संध्याकाळ
पूरग्रस्तदादा, काय बोलू. आम्ही वरच्या अंगाला राहून दरवर्षी नुसतं मोबाइलवर फूट मोजत बसतो.

निनावी_वाचक
आज पहिल्यांदाच लिहितेय. आई जाऊन चार वर्षं झाली, तिचा नंबर मी अजून रिचार्ज करते. फोन कपाटात बंद आहे. नवरा काही म्हणत नाही, पण मागच्या महिन्यात विसरले आणि नंतर धावत रिचार्ज मारला तेव्हा मलाच कळेना मी काय करतेय. वस्तू सगळ्या देऊन टाकल्या, हा एक दहा आकडी आकडा सुटत नाही.

मनातलं_बोला
निनावीताई, चार वर्षं रिचार्ज मारता म्हणून तुमचं काही बिघडलेलं नाही. मी समुपदेशनाचं काम करते. लोक हल्ली कुणी चार पिशव्या साठवल्या की लगेच होर्डिंग म्हणतात. २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात साठवणुकीचा तो वेगळा आजार धरलाय हे खरं, पण त्यात माणसाला काहीच टाकता येत नाही, घरात वावरायला जागा उरत नाही, चुलीपाशी जाता येत नाही आणि कुणी हात लावला तर फार त्रास होतो. तसं कुणाच्या घरी असेल तर मागं न लागता डॉक्टरकडं न्या, त्यांच्या नकळत ट्रॉली भरून टाकू नका, त्यानं आणखी बिघडतं. आईचा नंबर हे नुसतं दुःख आहे. फक्त त्या नंबरला बँक, आधार काही जोडलेलं असेल तर आधी ते मोकळं करा, व्हॉट्सअॅपवर तिचे आवाज असतील तर दुसरीकडं काढून ठेवा. मग नंबर गेला तरी आवाज जात नाही. घाई नाही.

निनावी_वाचक
आवाज आहेत. "जेवलीस का" असे तेरा. आज रात्री काढून ठेवते.

तालीमवाला
वही नदीत सोडा ताई, देवाचं नाव लिहिलंय पहिल्या पानावर, रद्दीत देऊ नये.

पूरग्रस्त_शाहूपुरी
नदीत नको रे बाबा! निर्माल्य, फोटो, वह्या, सगळं तिच्यातच ढकला आणि मग ती घरात आली की बोंब मारा. पहिलं पान कापून देव्हाऱ्याखाली ठेवा हवं तर.

अबोली_पुणे
मला वाटतं जाळण्यापेक्षा, टाकण्यापेक्षा फोटो काढून ठेवावेत. जुन्या भावांची नोंद म्हणून पण किती मोलाची वही आहे, १९८८ ला साखर काय भावानं होती हे कुणाला आठवतंय? ताई दोनचार ओळी टाका ना इथं, काका काय काय न्यायचे?

शुक्रवारपेठकर
घ्या. उजवीकडं तारीख, माल, रक्कम असं आहे, साखर ५ किलो, चहा अर्धा, गोडेतेल, काडेपेट्या डझन, निरमा. सणाला जरा जास्त, बेंदराला, दिवाळीला. डावीकडं पण थोडं आहे, तिथं रक्कम लिहिलेली नाही, नुसतं रवा ४, रवा ३, रवा ४ असं दरवर्षी. एकूण ३१ होतात. मी भाव लावून ते पण मिळवायला बसलो होतो, म्हटलं ११,४०० च्या वर हे वेगळंच.

अबोली_पुणे
३१ किलो रवा! काकूंचा शिऱ्याचा हात चांगला असणार 🙂

काटाकिर्र
गावाकडं कोण रवा खातंय ओ, गावाकडं भाकरी.

गुऱ्हाळघर
थांबा थांबा थांबा. ताई, चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं का?

शुक्रवारपेठकर
होतं की. का?

गुऱ्हाळघर
अगं ताई रवा म्हणजे उपम्याचा रवा नव्हं! गुळाचा रवा! आमच्यात गुळाच्या ढेपेला रवाच म्हणतात, काहिलीतनं वाफ्यात, वाफ्यातनं कापड घातलेल्या बादलीत, आणि उलटा मारला की रवा. आता किलोचे, पाच किलोचे, दहाचे निघतात, गिऱ्हाईक तेवढंच उचलतंय, पण त्या वेळचा रवा म्हणजे ३० किलोचा. मार्केट यार्डात अजून सौदा रव्यावरच चालतो. महिने कुठले आहेत बघा, दिवाळीनंतरचे असतील तर शंभर टक्के गूळ, गुऱ्हाळ दसऱ्या-दिवाळीला पेटतं.

शुक्रवारपेठकर
पौष, पौष, माघ, मार्गशीर्ष, पौष...

जरा थांबा, मला पाणी पिऊन येऊ द्या.

दिवाणजी
मी धागा पहिल्यापासून वाचतो आहे, लिहायचे नव्हते, परंतु आता राहवत नाही. मी शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानी ३४ वर्षे वह्या लिहिल्या. ताई, आपले शिक्षण कोणत्या शाखेचे?

शुक्रवारपेठकर
बी.कॉम. १९९१. का हो काका?

दिवाणजी
तरीच. इंग्रजी पद्धतीत डावीकडे डेबिट असते, म्हणून आपण डावीकडचे त्यांच्या नावावर टाकलेत. देशी नाम्यात उलट. घड्या घातलेल्या वहीत डावी बाजू जमेची, उजवी नावेची. उजवीकडे त्यांनी नेलेला माल, बरोबर. डावीकडे जे आहे ते त्यांच्याकडून आलेले आहे. म्हणजे ३१ रवे तुमच्या वडिलांकडे जमा झालेत.

काटाकिर्र
डायरेक्ट विकेट!! ताई पण मग उजवीकडचं तुम्हाला क्रेडिट का नाही वाटलं? दोन्हीकडनं चुलतेच देणेकरी?

शुक्रवारपेठकर
राग आला की बी.कॉम. विसरतं रे. डावीकडंपण त्यांनीच नेलंय, उजवीकडंपण त्यांनीच नेलंय, असंच दिसत होतं.

गुऱ्हाळघर
३१ गुणिले ३० म्हणजे ९३० किलो. सव्वानऊ क्विंटल झाला की गूळ, वर थोडा. दुकानात विकला असणार बाबांनी.

शुक्रवारपेठकर
विकला ना. दारातच पोत्यावर तो रवा असायचा, वर फडकं, बाजूला लोखंडी सळई फोडायला. शाळेतनं आलो की कोपऱ्याचा खडा तोडून तोंडात टाकायचो आणि बाबा गिऱ्हाईकाकडं बघत म्हणायचे "आतला घे, कडेचा मुंगीचा आहे". गावाकडनं येतो एवढं माहीत होतं. कुणाकडनं ते कधी डोक्यात आलंच नाही, गावाकडनं यायचा म्हणजे यायचा.

पण मग बाबांनी रक्कम का नाही लावली? ११,४०० तशीच बाकी का दाखवली?

दिवाणजी
भावाच्या मालाला भाव लावायचा कसा, हा प्रश्न पडला असेल. अशी खाती मी पाहिली आहेत, रक्कम कधी भरत नाहीत, नुसता नग लिहितात. आपण एक काम करा. पाडव्याला नवी वही घालतात, जुनी बाकी नव्या वहीत ओढतात. पुढची वही आपल्याकडे आहे का? असल्यास तीत चुलत्यांचे खाते आहे का पाहा.

शुक्रवारपेठकर
आहे, ट्रंकेत दोन आणखी आहेत. बघून सांगतो.

शुक्रवारपेठकर
बघितलं. १९९६ च्या पाडव्यापासनंची वही आहे. गल्लीतल्या सगळ्यांच्या बाक्या ओढल्यात, कुणाचे १२ रुपये, कुणाचे साडेतीन. चुलत्यांचं नाव नाही. दोनदा बघितलं, भावाला पण बघायला लावलं. नाही.

दिवाणजी
मग तुमच्या वडिलांनी ते खाते त्याच पाडव्याला मिटविले. बाकी ओढली नाही म्हणजे येणे राहिले नाही.

रंकाळा_संध्याकाळ
अंगावर काटा आला.

तालीमवाला
नाद खुळा दिवाणजी. आमच्या तालमीचा हिशोब बघायला या एकदा, ९८ पासनं कुणाचा कुणाला लागत नाही.

अबोली_पुणे
पण ताई, २००३ चं काय? खातं मिटलं असेल, तरी अडचणीला काका उभे राहिले नाहीत हे उरतंच ना. सरळच विचारते, राग येऊ देऊ नका.

शुक्रवारपेठकर
रात्रभर तेच चाललंय डोक्यात. चुलते नाहीत आता विचारायला. काकू आहे, ऐंशीच्या पुढं. शनिवारी भाऊ आणि मी जायचं म्हणतोय. बावीस वर्षांनी त्या दारात काय घेऊन जायचं तेसुद्धा कळेना. पितरं चालू आहेत, नवीन काही घेता येत नाही.

वाकळवाली
केळी न्या. आणि वही न्या.

मनातलं_बोला
ताई, एवढंच म्हणेन की हिशेब मिटवायला म्हणून जाऊ नका. नुसतं भेटायला जा. वही पिशवीतच राहू दे, वाटलं तर काढा.

काटाकिर्र
आणि रवा मागू नका 😂

शुक्रवारपेठकर
आलो जाऊन. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा जीव लावलाय.

घर ओळखू आलं नाही, स्लॅब पडलाय. गुऱ्हाळ बंद होऊन दहा वर्षं झाली, काहील उलटी घालून ठेवलीय, तिच्यावर कोंबड्या बसतात. काकू पडवीत शेंगा फोडत बसलेली, डोळ्याला कमी दिसतंय. मी वाकून पाया पडलो तर म्हणाली, "कोण गं?" नाव सांगितलं. हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "जेवल्याबिगर जायचं न्हाई." बास. मी एसटीत काय काय जुळवून नेलं होतं ते सगळं तिथंच राहिलं.

जेवणं झाल्यावर मीच विषय काढला २००३ चा. म्हणजे मला म्हणायचं होतं की आम्हाला वाईट वाटलं होतं वगैरे, पण तोंडातनं आलं, बाबा त्या वर्षी आलेले आठवतंय का. काकूला लख्ख आठवतंय. म्हणाली, "भावजी आलतं की. त्या साली समद्या उसाला पांढरा मावा लागला न्हवं का. बांधावर हुबं ऱ्हायलं, उसाकडं बगितलं, पानं पिठावानी झालेली. तुझा चुलता बांधावरच बसून हुता दोन दिस. भावजींनी च्या घेतला, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आन् गेलं. काय बोललंच न्हाईत. आक्का दवाखान्यात हाय हे आमाला तिसऱ्या महिन्यात कळलं."

मागितलेच नव्हते. मी बावीस वर्षं धरून बसलो की चुलत्यांनी नाही म्हटलं.

गुऱ्हाळघर
ताई तो लोकरी मावा. २००२-०३ ला आला, सांगली कोल्हापूर सगळीकडं, उसाच्या पानाखाली कापूस चिकटवल्यागत दिसायचं, शेतातनं गेलं की डोक्यावर पांढरं पडायचं. आमच्यात त्या साली काहील पेटलीच नाही. कुणाकडंच पैसा नव्हता ओ. बाबांनी ऊस बघितला म्हणजे त्यांना सगळं कळलं असणार.

अबोली_पुणे
मी आधी जे विचारलं ते विचारायला नको होतं असं वाटतंय.

शुक्रवारपेठकर
नाही गं, तू विचारलं नसतंस तर मी वही दाखवून, गोड बोलून परत आलो असतो.

दिवाणजी
वहीचे काय केलेत?

शुक्रवारपेठकर
काढली पिशवीतनं शेवटी. काकूला वाचता येत नाही, चुलत भावानं वाचून दाखवलं, रवा ४ पौष, रवा ३ माघ. ती बोटावर काहीतरी मोजत होती आणि मधेच म्हणाली, "एका साली पाच दिल्यात, चारच लिवल्यात." म्हणजे हिशोब अजून मिटलेला नाहीच, एक रवा आमच्याकडं निघतोय 😀 चुलत भावानं ते पान मागितलं. फाडून द्यायला हात धजेना. गावातच झेरॉक्स काढून दिली, दोन्ही बाजू. वही परत आणली आणि पूरग्रस्तदादा, पुराच्या बॅगेत ठेवलीय. आमच्यात पण झाली आता तसली बॅग, मरून कलरची.

पूरग्रस्त_शाहूपुरी
बास ताई. विषय संपला.

वाकळवाली
आणि बाकीचा माळा?

शुक्रवारपेठकर
घागरी दोन मोडीत गेल्या, दोन दुकानी भाव विचारून, चेपलेली ठेवली कारण ती मीच पायऱ्यांवरनं पाडली होती. पाळणा शेजारच्या सुनेला दिला. झेरॉक्स आणि मोटारी भंगारात. लेमन सेट काटाकिर्रनं खरंच येऊन नेले, अकराच्या अकरा. नोटा वाकळेच्या घडीत होत्या तशाच ठेवल्या.

पण माळा रिकामा करायला निघालेल्या बाईच्या घरात एक वस्तू वाढली ते सांगायचं राहिलं. निघताना काकूनं आतनं एक मापटं आणलं, पितळी, काठाला झिजलेलं. म्हणाली तुझ्या बाचं आहे, शेंगा मापायला आणलंतं, द्यायचं राहिलं. बुडाला बाबांच्या दुकानाचं नाव ठोकलेलं. हे मात्र वहीत कुठंच नाही, मी घरी येऊन सगळी पानं चाळली.

अबोली_पुणे
ते आता कुठल्या माळ्यावर?

शुक्रवारपेठकर
माळ्यावर कशाला, तांदळाच्या डब्यात टाकलंय. आज त्यानंच मापून भात लावला, दोन माणसांना लई झाला.

काटाकिर्र
उरलाय तर येतो की. तांबडा रस्सा हाय का?

शुक्रवारपेठकर
उद्या घट बसतायत आणि रस्सा मागतोस व्हय रे मर्दा? दसऱ्यानंतर ये. आणि येताना एक लेमन सेट परत आण, काकू दिवाळीला येणाराय आणि घरात सरबताला धड पेले नाहीत.